पाळणाघरातील साडेअकराचा ताप

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मुलुंड पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत मी अकरा वर्षे पाळणाघर चालवते. सात महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतची चौदा मुले आहेत आणि मदतीला दोन मावशी आहेत. ३ जुलैला एका मुलाच्या तळहातांवर आणि तोंडात फोड दिसले. ७ तारखेला आणखी दोघांना, ८ तारखेला एकाला आणि १२ तारखेला पाचव्याला तेच झाले. डॉक्टरांनी हँड-फूट-माउथ असे निदान केले. १४ आणि १५ तारखेला आणखी दोन मुलांना जुलाब सुरू झाले. एका मुलाच्या बाबांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले की पाळणाघर दोन आठवडे बंद ठेवा आणि हे कोणाच्या मुलामुळे सुरू झाले ते सांगा. उलट फोर्टला बँकेत नोकरी करणारी एक आई म्हणते की बंद करू नका, माझी सगळी रजा संपली आहे. काही पालक सकाळी तापाचे औषध पाजून मूल सोडतात हे मला कळते, पण विचारले की ‘नाही’ म्हणतात. मी रोज दोनदा फिनाईलने लादी पुसून घेते, दारात सॅनिटायझर ठेवला आहे. आणखी काय करू? बंद ठेवू का?

— एक वाचक, मुलुंड

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. पाळणाघर बंद ठेवू नका. करोनाच्या काळाने ‘बंद’ हा शब्द आपल्या तोंडी फार सहज बसवला आहे, परंतु या आजारात त्याचा उपयोग जवळजवळ नाही. हँड-फूट-माउथ हा एन्टेरोव्हायरस गटातील विषाणूंमुळे, बहुधा कॉक्सॅकी विषाणूंमुळे होतो. फोड दिसण्याआधीच मूल इतरांना संसर्ग देऊ लागते आणि फोड सुकून गेल्यावरही त्याच्या शीतून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. त्यामुळे दोन आठवड्यांनी तुम्ही दार उघडाल तेव्हा मुलांबरोबर विषाणूही आत येईल. मधल्या काळात ही चौदा मुले घरी आईजवळ थोडीच बसणार आहेत? कोणी शेजारच्या काकूंकडे जाईल, कोणी ठाण्याला आजीकडे, कोणी चार दिवसांपुरते दुसऱ्या पाळणाघरात, आणि एका जागेची साथ तेवढ्या जागी वाटली जाईल.

तुम्ही पत्रात तारखा दिल्या आहेत, त्याबद्दल मनापासून आभार. बहुतेक पत्रांत नुसते ‘मुले सारखी आजारी पडतात’ एवढेच असते. या आजारात संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सहा दिवस जातात. ३ तारखेनंतर ७ आणि ८, त्यानंतर १२ हा क्रम त्यात बरोबर बसतो, म्हणजे संसर्ग एका मुलाकडून दुसऱ्याकडे, हात, लाळ, खेळणी आणि लंगोट यांच्या वाटेने जात आहे. सात-आठ मुले एकाच दिवशी, काही तासांच्या अंतराने आजारी पडली असती तर मी आधी त्या दिवशीचे जेवण आणि पिण्याचे पाणी यांच्याकडे बोट दाखवले असते. म्हणून शंभर पानी वही घ्या आणि मुलाचे नाव, वय, लक्षण, सुरू झाल्याची तारीख आणि वेळ, आदल्या दिवशी ते कोणाशेजारी झोपले, कोणत्या मावशींनी त्याचे लंगोट बदलले आणि ते परत कधी आले, एवढे रोज लिहा. जुलाबाच्या दोन मुलांचेही असेच लिहून पाहा. दोघांचे सगळे एकाच मावशींकडे असेल तर उत्तर तुमच्या खोलीत आहे. इमारतीतील वरच्या मजल्यांवरही याच आठवड्यात जुलाब असतील तर उत्तर बहुधा गच्चीवरच्या टाकीत आहे.

आता त्या बाबांची मागणी. मुलाचे नाव सांगू नका. ‘पहिले मूल’ हे फक्त पहिले दिसलेले मूल असते. मोठ्या भावंडांना आणि मोठ्या माणसांना हा संसर्ग अनेकदा काहीही लक्षण न दाखवता होतो, त्यामुळे तो कोणाच्या ताईच्या शाळेतून आला की कोणाच्या बाबांबरोबर लोकलमधून आला, हे कोणालाच सांगता येणार नाही. परंतु आजार लपवूही नका. आज संध्याकाळीच ग्रुपवर असे काही लिहा: ‘३ जुलैपासून आपल्याकडे पाच मुलांना हँड-फूट-माउथ झाले आहे आणि दोन मुलांना जुलाब आहेत. आपल्या मुलाला ताप, तोंडात फोड, हातापायांवर किंवा बसण्याच्या जागी पुरळ, उलटी वा पातळ शी यांपैकी काहीही दिसल्यास मला फोन करावा. नाव कोणालाही कळणार नाही.’ कोणाच्या घरी गावाकडचे आजोबा असतील तर ते विचारतील की हा गुरांचा लाळ्या खुरकूत तर नव्हे. तो नव्हे, तो विषाणू वेगळा, आणि गोठ्याचा या आजाराशी काही संबंध नाही.

खरी अडचण तुम्ही पत्रात एका वाक्यात सांगून पुढे गेला आहात, ती म्हणजे औषध पाजून सोडलेले मूल. पॅरासिटामॉलचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. सकाळी सात वाजता पाजलेले औषध साडेअकराच्या सुमारास उतरते, आणि नऊ वाजता गाडी-गाडी खेळणारे मूल जेवणाच्या वेळी मावशींच्या मांडीवर तापलेले सापडते. तोवर त्याने अर्ध्या खोलीतील खेळणी तोंडात घालून झालेली असतात. तुम्ही आईला फोन करता. ती फोर्टहून निघून मुलुंडला पोहोचेपर्यंत दोन वाजतात. या आईला खोटारडी ठरवण्याआधी तिचा हिशोब पाहा. खासगी नोकरीत मुलाच्या आजारपणासाठी वेगळी रजा सहसा नसते, पाळणाघराची फी गैरहजेरीतही पूर्ण द्यावी लागते आणि वर तुम्ही डॉक्टरांचा दाखला मागता. खरे बोलणे इतके महाग केले तर लोक खोटे बोलणारच.

म्हणून माझा तुम्हाला आग्रहाचा सल्ला आहे की नियम कडक करण्याआधी खरे बोलणे स्वस्त करा. सकाळी दारात ‘ताप आहे का?’ असे विचारू नका, कारण त्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ हेच येणार. ‘रात्रीपासून कोणते औषध दिले आणि शेवटचे किती वाजता?’ असे विचारा, आणि तेही सर्व पालकांना, रोज, वही हातात घेऊन, म्हणजे कोणालाही आपल्यावर संशय घेतला असे वाटणार नाही. आजारपणाच्या दिवसांचे निदान जेवणाचे पैसे परत करा. जमल्यास तीन महिन्यांतून तीन दिवसांची फी पुढच्या महिन्यात वळती करा. खोलीचे भाडे आणि मावशींचे पगार थांबत नाहीत हे मला ठाऊक आहे, परंतु एक लपवलेला ताप तुम्हाला याहून महाग पडतो. दाखल्याचा हट्ट सोडा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या मुलाला घरी ठेवण्याची गरज नाही त्याला परत पाठवू नका. नुसते नाक वाहते आहे, ताप नाही, खेळते आहे, जेवते आहे, अशा मुलाला येऊ द्या. पावसाळ्यात मुंबईतील प्रत्येक लहान मुलाचे नाक वाहते. त्यासाठी तुम्ही दार लावले की पालक पुढच्या खेपेला तापही सांगणार नाहीत.

घरी कोणी थांबावे, याचे नियम थोडे ठेवा आणि दारावर लावा. ताप असेल तर औषधाशिवाय चोवीस तास ताप न येईपर्यंत. जुलाब किंवा उलट्या असतील तर शेवटच्या वेळेनंतर ४८ तास. हँड-फूट-माउथमध्ये ताप गेला, मूल खाऊ-पिऊ लागले, लाळ सतत गळत नाही आणि फोड ओले नाहीत, एवढे झाले की येऊ द्यावे. प्रत्येक डाग जाईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, कारण शीतून विषाणू जाणे त्या डागांबरोबर संपत नाही. कांजिण्यांत मात्र सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत थांबावेच लागते, आणि त्याला पुरळ आल्यापासून साधारण पाच ते सात दिवस लागतात.

मुलाला ताप मधेच आला तर त्याला वेगळ्या गादीवर, मावशींच्या नजरेसमोर, इतर मुलांपासून जरा दूर, उघड्या खिडकीजवळ झोपवा. दार बंद करून एकट्याला आतल्या खोलीत ठेवू नका. त्या वयाच्या मुलाला ती शिक्षा वाटते आणि तुम्हालाही त्याचा बिघाड वेळेवर कळत नाही.

आता फिनाईलकडे येते. काही वर्षांपूर्वी मी पश्चिम उपनगरातील एक पाळणाघर पाहायला गेले होते. लादी लखलखत होती, सगळीकडे फिनाईलचा वास होता. साडेबाराला आठ मुले सतरंजीवर ओळीने बसली, मावशींनी वरण-भात भरवायला घेतला आणि खांद्यावरच्या एकाच नॅपकिनने आठही मुलांची तोंडे एका मागोमाग एक पुसली. मधेच एकाने शी केली. मावशी उठल्या, ओट्याच्याच टोकाला अंथरलेल्या रबरी चटईवर त्यांनी लंगोट बदलले, नळाखाली बोटांची टोके ओली केली, त्याच नॅपकिनला पुसली आणि परत घास भरवायला बसल्या. त्या अतिशय मायाळू बाई होत्या. त्यांच्या हातात काय चालले आहे हे त्यांना कोणी कधी दाखवूनच दिले नव्हते.

तुमच्या दोन मावशींची कामे आजपासून तशी वाटून द्या: एका दिवशी जी लंगोट बदलेल ती त्या दिवशी घास भरवणार नाही. जिथे बदलायचे ती जागा स्वयंपाकाच्या ओट्यापासून लांब, शक्यतो मोरीजवळ ठेवा. प्रत्येक वेळी बदलून झाले की मुलाचेही हात धुवायचे, हे फार जण विसरतात. नंतर चटई पुसायची आणि शेवटी स्वतःचे हात साबणाने, बोटांच्या बेचक्यांसह, वीस सेकंद धुवायचे. मुलांना वीस सेकंद कळत नाहीत. त्यांना एखादे बडबडगीत संपेपर्यंत फेस करायला सांगा. नॅपकिन प्रत्येकाचा स्वतःचा, नाव घातलेला, रोज घरी धुवायला जाणारा असावा. हे सगळे फार साधे वाटते, पण अमेरिकेतील पाळणाघरांमध्ये झालेल्या आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कर्मचाऱ्यांच्या आणि मुलांच्या हात धुण्याची शिस्त लावल्यावर जुलाबांचे प्रमाण जवळजवळ अर्ध्यावर आले होते. सॅनिटायझरवर मात्र विसंबू नका. एन्टेरोव्हायरस आणि जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस यांच्याभोवती चरबीचे वेष्टन नसते, त्यामुळे अल्कोहोल त्यांच्यावर फारसे चालत नाही. साबण आणि वाहते पाणी त्यांना हातावरून धुऊन काढते.

फिनाईलचा वास म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. या विषाणूंसाठी ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट लागते. बाटलीवर ५ टक्के असे प्रमाण लिहिलेले असेल तर एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर घाला, हे ०.१ टक्क्याचे द्रावण लादी, दाराच्या कड्या, लंगोटाची चटई, संडासाचे भांडे यांना पुरते. उलटी किंवा शी सांडली असेल तर आधी हातमोजे घालून ती कागदाने उचला आणि मग त्या जागेवर जरा तीव्र द्रावण, म्हणजे १०० मिलिलिटर ब्लीच आणि ९०० मिलिलिटर पाणी, वापरा. घाण तशीच ठेवून वर ब्लीच ओतले तर ते वाया जाते. पृष्ठभाग दहा मिनिटे ओला राहू द्या, नंतर साध्या पाण्याने पुसा. द्रावण रोज ताजे करा, त्या वेळी मुले दुसऱ्या खोलीत आणि खिडक्या उघड्या असू द्या. संडास साफ करण्याच्या आम्लात ते कधीही मिसळू नका, कारण त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. खेळण्यांसाठी एक बादली ठेवा: जे खेळणे तोंडात गेले ते लगेच त्या बादलीत, आणि संध्याकाळी साबणाने धुऊन, ब्लीचच्या सौम्य द्रावणात ठेवून, साध्या पाण्यातून काढून वाळवायचे. कापसाचे अस्वल-ससे साथ संपेपर्यंत माळ्यावर टाका.

जुलाब झालेल्या दोन्ही मुलांच्या पालकांना आजच फोन करून ओआरएस सुरू आहे ना, हे विचारा. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचे, अर्धे पाकीट पेल्यात नाही. दुकानातील टेट्रापॅकमधील गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. बरोबर डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंक द्यावे. शीतून रक्त पडत असेल, किंवा दोन-चार दिवसांत आणखी दोघा-तिघांना जुलाब झाले, तर तुमच्या वॉर्डाच्या महापालिका कार्यालयातील आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा आणि इमारतीच्या पाण्याची तपासणी करून मागा. पालिकेच्या १९१६ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. आरोग्य खात्याला कळवले म्हणजे पाळणाघराला टाळे लागेल, ही भीती मी अनेकांकडून ऐकते. ते लोक सहसा पाण्याचा नमुना घेतात, यादी करतात आणि जातात. तोवर पाणी उकळूनच द्या.

मी ‘बंद करू नका’ म्हटले त्याला एक अपवाद आहे, आणि तो म्हणजे गोवर. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडी परिसरापासून मुंबईत गोवराची साथ पसरली आणि त्यात लहान मुले दगावली, हे आपण इतक्यात विसरलो. गोवराचा विषाणू हवेतून जातो आणि आजारी मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. तिथे नॅपकिन वेगळे करून भागत नाही. पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत मूल संसर्ग देते. एका जरी मुलाला ताप, खोकला, लाल डोळे आणि चेहऱ्यापासून खाली पसरणारे पुरळ दिसले तर त्याच दिवशी आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करा आणि ते काय सांगतात तसे करा, बंद ठेवायला सांगितले तर बंद ठेवा. संपर्कात आलेल्या, लस न घेतलेल्या मुलाला ७२ तासांच्या आत लस मिळाली तर ती उपयोगी पडू शकते, म्हणून ‘सोमवारी बघू’ असे करू नका.

इथे तुमच्या सात महिन्यांच्या बाळाचा विचार येतो. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधी गेले तर बाळ पाच-सहा महिन्यांचे असतानाच पाळणाघरात येते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मिळतो, तर आईकडून आलेले संरक्षण तोपर्यंत ओसरत चाललेले असते. म्हणजे तुमच्या खोलीतील सर्वांत लहान बाळ त्या तीन-चार महिन्यांत इतर तेरा मुलांच्या लसींच्या भरवशावर असते. या आठवड्यात सर्वांच्या लसीकरणाच्या कार्डांचे फोटो मागवा. कोणाचा डोस राहिला असेल तर रागावू नका, पालिकेच्या दवाखान्यात तो मोफत मिळतो एवढे सांगा. शक्य असल्यास दीड वर्षाखालील मुलांची गादी आणि मावशी मोठ्या मुलांपासून वेगळी ठेवा. दोन खोल्या आहेत तर एक त्यांची करा.

मावशींचे आजारपण हाही प्रश्न तसाच आहे. पगार कापला जाणार असेल तर जुलाब झालेली बाईही कामाला येईल आणि कोणाला सांगणार नाही. वर्षाला पाच-सहा दिवसांची पगारी आजारपणाची रजा द्या आणि त्या दिवसांसाठी ओळखीची एखादी बदली बाई हाताशी ठेवा. मावशींपैकी कोणी गरोदर असेल, किंवा कांजिण्या झाल्या नसतील, तर पाळणाघरात कांजिण्या किंवा रुबेला निघताच तिने आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कामावर येऊ नये.

हँड-फूट-माउथ बहुतेक मुलांत आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. त्याला प्रतिजैविक लागत नाही. गार ताक, मऊ भात, पेज आणि तापापुरते पॅरासिटामॉल पुरते, ॲस्पिरिन मात्र मुलांना देऊ नये. तोंडातील फोडांमुळे मूल पाणीही पीत नाही, सहा-आठ तासांत शू झाली नाही, ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, सारख्या उलट्या झाल्या, मूल गळून गेले किंवा झोपेत दचकल्यासारखे हातपाय झटकू लागले, तर मात्र लगेच रुग्णालयात न्यावे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, परंतु ऑगस्टमध्ये विचाराल. फोड येऊन गेलेल्या पाचांपैकी एखाद्या मुलाचे नख महिन्या-दीड महिन्याने मुळाशी सुटे होईल, आणि त्याची आई घाबरून तुम्हाला त्या नखाचा फोटो पाठवील. ते दुखत नाही, खालून नवे नख आलेले असते आणि त्यासाठी कोणतेही मलम लागत नाही. पाचही घरी ही गोष्ट आजच सांगून ठेवा.